ताम्रपट आणि दंतकथा : किनाऱ्यावरच्या इस्लामचे आपले वाचन

इस्लाम आपल्याकडे कसा आला, या प्रश्नाची मराठीत दोन तयार उत्तरे आहेत. पहिले उत्तर खैबरखिंडीतून घोड्यावर बसून येते आणि त्याच्या हातात तलवार असते. शाळेतला इतिहास, ऐतिहासिक कादंबरी आणि निवडणुकीतले भाषण ही त्याची राहण्याची ठिकाणे. दुसरे उत्तर दर्ग्यातून येते. त्याच्या हातात मोरपिसांचा कुंचा असतो आणि ते सर्वांच्या डोक्यावरून सारखाच फिरवते. उदारमतवादी मध्यमवर्गाला हे उत्तर आवडते, कारण ते ऐकल्यावर काही करावे लागत नाही.

या दोहोंहून वेगळे असे एक तिसरे उत्तर आहे आणि ते आपले आहे. आंबेडकरी चळवळीच्या व्यासपीठांवर ते मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. जातीच्या जाचाला विटून आपलेच पूर्वज मुसलमान झाले, हे ते उत्तर. त्यात आपुलकी आहे, म्हणून ते तपासायला आपण कचरतो. पण जे आपल्याला आवडते तेच आधी तपासावे, हा फुले-आंबेडकरी विचाराचा पहिला धडा आहे. या लेखात मी ही तिन्ही उत्तरे समुद्राच्या काठावर आणून तपासणार आहे.

समुद्राचा काठच का? मी नवी मुंबईत राहतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आगरी-कोळ्यांच्या ९५ गावांच्या भातशेतीवर, मिठागरांवर हे शहर उभे राहिले. नव्या शहराला इतिहास नसतो असे म्हणतात. पण या शहराच्या एका अंगाला ठाण्याची खाडी आहे, समोर घारापुरीचे बेट आहे आणि त्या बेटावर शैव लेण्यांबरोबर बौद्ध स्तूपही आहे. खाली चौल, वर सोपारे आणि संजाण. इस्लामचा या भूमीशी पहिला संबंध खैबरखिंडीत नव्हे तर याच पाण्यावर आला. तेव्हा तिन्ही उत्तरांची परीक्षा इथेच व्हायला हवी.

जहाजातून आलेला धर्म

अरब इतिहासकार बलाधुरी याने एक नोंद करून ठेवली आहे. खलिफा उमरच्या काळात, म्हणजे इ.स. ६३६ च्या सुमारास, ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर आरमारी तुकडी पाठवली. खलिफाला न विचारता हे केले म्हणून खलिफाने त्यालाच खडसावले. पहिली स्वारी अशी निष्फळ गेली. व्यापारी मात्र येत राहिले. ते घोडे, खजूर, कापड आणि मसाले यांचा हिशेब घेऊन येत. वारा फिरेपर्यंत थांबत, पुढे घर करून राहत.

इ.स. ९१६ च्या सुमारास मसूदी हा प्रवासी चौलला आला. अरब त्याला सैमूर म्हणत. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले होते आणि काही इथेच जन्मलेले होते. या इथे जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ असे नाव होते. त्यांचे आपसांतले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख होता. त्याला स्थानिक राजाने, म्हणजे राष्ट्रकूटांच्या मांडलिक शिलाहाराने, अधिकार दिला होता. म्हणजे उत्तर कोकणावर मुसलमानी राज्य येण्याच्या चारशे वर्षे आधी इथे मशिदी होत्या, अजान होती, काजी होता. तलवारीच्या उत्तराला किनाऱ्यावर पाय टेकायलाही जागा नाही.

परंतु मसूदीची नोंद वाचताना मला एक प्रश्न पडतो. इथे जन्मलेल्यांच्या आया कोण होत्या? त्या कोणत्या घरच्या, कोणत्या जातीच्या होत्या? मसूदी ते सांगत नाही. नाखवा, व्यापारी, प्रमुख, राजा हे सगळे नावानिशी किंवा हुद्द्यानिशी हजर आहेत. ज्यांच्या पोटी कोकणातला इस्लाम जन्मला त्या स्त्रिया हजर नाहीत. धर्म कोणत्या मार्गाने आला एवढेच विचारून भागणार नाही. कोणाच्या घरात उतरला, हेही विचारले पाहिजे.

संजाणचा सुभेदार आणि ब्राह्मणाचा मठ

डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावी १९५५ साली काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या राजवटीत संजाणचा कारभार ‘ताजिक’ म्हणजे अरब वंशाच्या एका माणसाकडे होता. ताम्रपटात त्याचे नाव मधुमती असे येते. मुहम्मदाचे हे संस्कृत रूप, असे अभ्यासक सांगतात. त्याने खाडी ओलांडायला मोफत तरी सुरू केली. एक अन्नछत्र चालवले, तिथे भात, कालवण आणि तूप मिळे. आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठाला जमीन देण्यास त्याने राजाची संमती मिळवली. मठाची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि पंचगौडीय महापरिषदेतल्या माणसांचे भोजन यासाठी हे दान होते.

सामंजस्याच्या उत्तराचे पुरस्कर्ते हा ताम्रपट हातात घेऊन नाचतील, आणि त्यांना तसा अधिकारही आहे. मुसलमान सुभेदार देवीच्या नैवेद्याला जमीन देतो, ही गोष्ट लहान नाही. आज दर्ग्याच्या पायरीवरून आणि मंदिराच्या मंडपावरून डोकी फुटत असताना ती मोठ्याने सांगितलीच पाहिजे.

पण दलित वाचकाने ताम्रपट दुसऱ्या बाजूने धरून वाचावा. सामंजस्य कोणाकोणात झाले? सत्ता, व्यापार आणि ब्राह्मण या तिघांत. दान दिलेली जमीन कोण कसत होते? मोफत तरी वल्हवत कोण होते? अन्नछत्राचे तांदूळ कोणी कांडले, आणि त्या छत्रात कोणाला आत बसू दिले व कोणाला बाहेर थांबवले? ताम्रपट याविषयी मौन पाळतो. परदेशी, परधर्मी माणूस या देशात आला, त्याला सुभेदारी मिळाली, आणि सुभेदारी टिकवायची तर ब्राह्मणाचा मठ सांभाळावा लागतो हे त्याच्या लगेच ध्यानात आले. त्याने समाजव्यवस्थेशी वैर धरले नाही. तो तिच्यात सामील झाला. या ताम्रपटातला इस्लाम समतेचा संदेश घेऊन उतरलेला नाही. तो इथल्या उतरंडीत आपली पायरी शोधणारा आहे. म्हणून या लेखात मला सलोखा दिसतो आणि सलोख्याची किंमत कोणी मोजली तेही दिसते. दोन वरच्यांच्या मैत्रीला आपण समता म्हणू लागलो, तर जमीनदार आणि सावकार यांच्या सोयरिकीलाही समता म्हणावे लागेल.

बौद्ध धम्म कोणी संपवला?

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील बौद्ध धम्माच्या ऱ्हासाची कारणे मांडली. ते लेखन त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आले नाही. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या तिसऱ्या खंडात ते आहे. मुसलमानी आक्रमणांनी धम्मावर घातलेला घाव त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितला आहे. हिंदुत्ववादी एवढेच वाक्य उचलतात आणि पुढचे वाचत नाहीत. पुढे बाबासाहेब एक अधिक खोल प्रश्न विचारतात. घाव ब्राह्मणी धर्मावरही पडला, मग तो का टिकला? त्यांचे उत्तर असे की ब्राह्मणाचे पौरोहित्य जन्माने मिळते, एक मेला तरी दुसरा तयारच असतो. भिक्खू मात्र घडवावा लागतो, त्याला संघाची दीक्षा लागते. संघ तुटला की धम्माचा आधारच जातो. शिवाय ब्राह्मणी राजांनी बौद्धांचा केलेला छळही त्यांनी नोंदवला आहे, आणि त्या छळामुळे बौद्ध इस्लामकडे वळले असेही मांडले आहे.

ही मांडणी घेऊन कोकणात या. कान्हेरीच्या लेण्यांत नवव्या शतकातले शिलालेख आहेत. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, शिलाहारांच्या अमलाखाली, भिक्खूंना दाने मिळाल्याचे ते सांगतात. म्हणजे चौलला अरबांची वस्ती वाढत होती तेव्हा कान्हेरीत चीवर फडफडत होते. अकराव्या शतकाच्या आरंभी, १००९ आणि १०२१ साली, पारशी यात्रेकरूंनी तिथे पहलवी लिपीत आपली नावे कोरली. देवगिरीचे यादव राज्य १३१८ साली बुडाले आणि त्यानंतर उत्तर कोकणात दिल्लीच्या सुलतानांची ठाणी बसली. १३२१ साली ठाण्यात चार ख्रिस्ती साधूंना मारण्यात आले, ही रक्तरंजित नोंदही त्याच काळातली. ती झाकण्याचे कारण नाही. पण या नव्या सत्तेला मारण्यासाठी कोकणात भिक्खूसंघ उरलाच नव्हता. कान्हेरीची दाने त्याआधीच आटली होती. राजाश्रय मठांकडे आणि मंदिरांकडे वळला होता. चिंचणीचा ताम्रपट त्या वळणाचाच एक दाखला आहे. अरब सुभेदारालासुद्धा दान द्यावेसे वाटले ते ब्राह्मणाच्या मठाला.

बाबासाहेबांचे एक वाक्य घोषणेसारखे वापरणे सोपे आहे. त्यांची पद्धत वापरणे अवघड आहे. पद्धत वापरली तर प्रत्येक प्रदेशात प्रश्न नव्याने विचारावा लागतो : संघ कधी तुटला, कोणी तोडला, दान कोणाकडे वळले?

मालदीवचे दोन साक्षीदार

कोकणात जे दिसत नाही ते आपल्याच समुद्रात आणखी दक्षिणेला दिसते. मालदीव हे बेटांचे राष्ट्र आज पूर्णपणे मुस्लिम आहे. २००८ च्या त्याच्या राज्यघटनेनुसार मुसलमान नसलेल्याला तिथे नागरिक होता येत नाही. बाराव्या शतकापर्यंत ही बेटे बौद्ध होती. इ.स. ११५३ मध्ये तिथल्या राजाने इस्लाम स्वीकारला, असे परंपरा सांगते.

हे कसे घडले याची दंतकथा इब्न बतूताने सांगितली आहे. चौदाव्या शतकात तो काही काळ तिथे काजी होता. समुद्रातून दर महिन्याला एक दैत्य येई. लोक एका कुमारिकेला सजवून किनाऱ्यावरच्या मूर्तिगृहात ठेवत. सकाळी तिचे प्रेत मिळे. एकदा एका म्हातारीच्या एकुलत्या एका मुलीवर पाळी आली. मगरिबहून आलेल्या अबुल बरकात नावाच्या पाहुण्याने मुलीऐवजी स्वतः तिथे जाऊन रात्रभर कुराण म्हटले. दैत्य पळाला. राजा मुसलमान झाला, आणि पाठोपाठ प्रजा.

गोष्ट सुंदर आहे. म्हणूनच तिच्याकडे नीट पाहावे. या गोष्टीत जुना धर्म म्हणजे मुली खाणारा दैत्य आहे. अहिंसेचा धम्म जिथे शतकानुशतके नांदला तिथली मूर्ती नरबळी घेणारी झाली. जेत्यांच्या कथेची ही ओळखीची रीत आहे. आपल्याकडे विष्णुपुराणाने हेच केले. विष्णूने मायामोह निर्माण केला, त्याने असुरांना वेदांपासून भ्रष्ट करणारा धर्म शिकवला आणि त्यामुळे त्यांचा नाश सोपा झाला, अशी ती कथा. जो धर्म संपवायचा त्याला आधी असुराचा धर्म ठरवायचे. पुराणिक आणि बेटावरचा कथेकरी यांची भाषा वेगळी, युक्ती एकच.

दुसरा साक्षीदार पुन्हा ताम्रपट आहे. मालदीवच्या दक्षिणेकडील इसधू बेटाचा ताम्रपट इ.स. ११९४-९५ चा आहे. मशिदीला उत्पन्न लावून देण्यासाठी तो कोरला गेला. त्यात दैत्य नाही, म्हातारी नाही, कुराण म्हणणारा पाहुणा नाही. तिथल्या भिक्खूंना माले येथे नेऊन त्यांचा शिरच्छेद केला, असे त्यात सरळ नोंदले आहे. राजाच्या धर्मांतराला चाळीस वर्षे झाली होती, तरी दक्षिणेकडच्या बेटांवर संघ जिवंत होता. तो राजाज्ञेने संपवला गेला. बाबासाहेबांनी सांगितलेले सूत्र इथे तंतोतंत लागू पडते. भिक्खू गेले आणि धम्म पुन्हा उभा राहू शकला नाही.

फेब्रुवारी २०१२ मध्ये मालेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जमावाने शिरून बौद्ध मूर्ती फोडल्या. आठशे वर्षांनंतरही त्या दगडांची कोणाला तरी भीती वाटत होती. हे वाचून आपल्यातल्या कोणाला मुसलमानांविषयी द्वेष वाटू लागला, तर त्याने जरा थांबावे. आपल्या देशात स्तूपांवर देवळे चढली, बुद्धमूर्तींना शेंदूर फासून वेगळी नावे दिली गेली, आणि ते करणारे कोणत्याही बाहेरच्या देशातून आले नव्हते. अत्याचाराची नोंद घ्यायची ती अत्याचार ओळखण्यासाठी. दुसऱ्याच्या दंगलीत भाडोत्री म्हणून उतरण्यासाठी नव्हे.

जात पाण्यात बुडते का?

आता तिसरे, आपले उत्तर. जात सोडायला लोक मुसलमान झाले काय? काही ठिकाणी झाले. तमिळनाडूतील मीनाक्षीपुरमला १९८१ साली दलितांनी उघडपणे त्याच कारणासाठी इस्लाम स्वीकारला. परंतु ते सर्व काळाला लावता येत नाही. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन याने १९९३ साली बंगालवरच्या आपल्या ग्रंथात दाखवले की इस्लाम सर्वात जास्त पसरला तो पूर्व बंगालमध्ये. तिथे ब्राह्मणी जातिव्यवस्था अजून खोल रुजलीच नव्हती आणि जंगल तोडून शेती वाढत होती. जिथे जातीचा जाच सर्वात जुना, तिथे धर्मांतर सर्वात जास्त, असे गणित जुळत नाही. हे ऐकून आपण रागवू नये. पूर्वजांच्या विद्रोहाचा पुरावा नसेल तर तो कल्पनेने निर्माण केल्याने त्यांचा मान वाढत नाही.

उलट प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. धर्म बदलला, मग जात गेली का? लक्षद्वीपच्या बेटांवर जवळजवळ सगळे मुसलमान आहेत. तरी त्यांच्यात कोया हे जमीनमालक, माल्मी हे नावाडी आणि मेलाचेरी हे नारळावर चढणारे, अशी उतरंड होती. चारही बाजूंनी समुद्र, एकच किब्ला, एकच कुराण, आणि तरीही माडावर चढणारा कोण हे जन्माने ठरलेले. कोकणात जमाती मुसलमान आणि मासेमारी करणारे दालदी हे वेगळे गणले गेले. अरबस्तानातल्या कुळाशी नाते सांगणारा वर, इथल्या मातीतला खाली. माहीमच्या बेटावर चौदाव्या-पंधराव्या शतकात मखदूम अली माहिमी यांच्यासारखा विद्वान झाला. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले. त्यांच्या उरुसाला आजही मुंबई पोलीस संदल नेतात. पण त्या बेटावरच्या जाळे विणणाऱ्याची, मीठ उपसणाऱ्याची, मैला वाहणाऱ्याची गोष्ट कोणी लिहून ठेवली नाही.

आणि ही काही जुनी गोष्ट नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. मुसलमान आणि ख्रिस्ती दलित अजून बाहेर आहेत. २०२२ साली याच प्रश्नासाठी केंद्राने न्या. बालकृष्णन आयोग नेमला. इस्लाममध्ये जात नाही, असे मौलवी सांगतो, आणि शासन ते आनंदाने मान्य करते. दोघांचे एकमत मैला उचलणाऱ्याच्या खर्चाने झाले आहे. चिंचणीच्या ताम्रपटातली वरच्यांची मैत्री इथे पुन्हा भेटते. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली तेव्हा त्यांना दोन्ही बाजूंशी भांडावे लागले, ते याच कारणाने.

लेखकाचे काम

मग आपल्या साहित्याने काय करावे? हमीद दलवाईंनी १९६५ साली ‘इंधन’ लिहिली आणि कोकणातल्या मुसलमान वस्तीचे आतले दार मराठी वाचकाला उघडून दिले. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. दलित साहित्याने त्याला भाऊबंद मानले, ते योग्यच झाले. पण भाऊबंदांनी एकमेकांची स्तुती करत बसायचे नसते. बौद्ध लेखकाने मालदीवच्या भिक्खूंविषयी बोलावे आणि मुस्लिम लेखकाने दालद्यांविषयी मौन पाळावे, हे चालणार नाही. तसेच मुस्लिम लेखकाने तिहेरी तलाकवर लिहावे असा आग्रह धरून आपण आपल्यातल्या पोटजातींच्या लग्नपत्रिका झाकून ठेवाव्यात, हेही चालणार नाही.

सोपाऱ्याजवळच्या भुईगावी सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, त्याचे साल १९५६. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो माणसांनी धम्म स्वीकारला. त्या धर्मांतराचे वेगळेपण मला या सगळ्या ताम्रपटांच्या शेजारी ठेवल्यावरच नीट कळते. मालदीवात राजाने धर्म बदलला आणि प्रजेला बदलावा लागला. चौलला व्यापाऱ्याने धर्म आणला आणि घरातल्या स्त्रियांनी तो पाळला. नागपुरात राजा नव्हता, व्यापारी नव्हता. बावीस प्रतिज्ञा प्रत्येकाने आपल्या तोंडाने म्हटल्या. ज्यांना कोणत्याच ताम्रपटात जागा मिळाली नव्हती, ती माणसे त्या दिवशी स्वतःच्या नावाने बोलली.

हीच कसोटी आपण इतिहासालाही लावली पाहिजे, इस्लामच्या आणि आपल्याही. धर्म तलवारीने आला की प्रेमाने, हा वाद पुष्कळ झाला. तो वाद घालणारे दोन्ही पक्ष बहुधा मठाला दान देणाऱ्यांपैकीच असतात. आपण विचारायचे ते असे : त्या दिवशी तरी कोण वल्हवत होते, त्याला कोणी विचारले का, आणि धर्म बदलल्यावर त्याच्या हातातले वल्हे सुटले का? ज्या धर्मांतराने ते सुटले नाही, ते आपल्या दृष्टीने अपुरे धर्मांतर आहे. यात आपलेही धर्मांतर धरावे. १९५६ नंतर इतकी वर्षे होऊनही ज्या वस्तीत गटार साफ करायला आपलाच माणूस उतरतो, त्या वस्तीत बसून आपण दुसऱ्यांच्या धर्मांतराचा निकाल देतो आहोत, याचे भान असले म्हणजे झाले.